सतारीचे पॉलिश : पाण्यातले की स्पिरिटमधले?

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतर बरेच छापून आले. कोणी तुनाच्या लाकडावर लिहिले, कोणी मंगळवेढ्याकडून येणाऱ्या भोपळ्यावर, कोणी फरीदसाहेब शिकलगारांवर, ज्यांच्यापासून शस्त्रे घडवणाऱ्या हातांनी सतार घडवायला सुरुवात केली असे मानतात. हे सर्व योग्यच झाले. पण पॉलिशच्या खोलीवर लिहिलेले काही आमच्या वाचनात आले नाही. आणि धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर गिऱ्हाईक वाद्य हातात घेतो तेव्हा तारेला बोट लावण्याआधी त्याचा अंगठा दांडीवरून फिरतो. तो पॉलिश तपासत असतो.

आमचा धंदा कापडाचा. इचलकरंजीच्या मागाचे कापड आम्ही विकतो. मग वाद्याच्या पॉलिशशी आमचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध चिंधीचा आहे. पॉलिश ब्रशने कमी आणि कापडाच्या बोळ्याने जास्त लागते, आणि तो कपडा आमच्यासारख्यांच्या पेढीवरूनच जातो. मिरजेचे काही कारागीर पांढरे कटपीस किलोने नेतात. त्यांच्यातल्या एका तरुणाने मध्यंतरी तक्रार आणली, "चाचा, दुसरीकडून आणलेल्या चिंधीने पॉलिशला डोळे पडतात. जुन्या पॉलिशला पडत नव्हते, नव्याला पडतात." हे नवे पॉलिश म्हणजे पाण्यातले, कपड्याने पुसून लावायचे. तेव्हापासून आम्ही या विषयात लक्ष घातले, कारागिरांशी बोललो, डब्यांवरचे छापील वाचून घेतले. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे इंग्रजी बारीक अक्षर मुलाकडून वाचून घ्यावे लागते. कारागिरांचीही बहुधा हीच स्थिती आहे, आणि अर्धे नुकसान तिथेच होते.

या विषयावर सध्या दोन तट आहेत. बुजुर्ग उस्ताद म्हणतात, पाणी हा लाकडाचा दुश्मन, ज्या लाकडाला वर्षानुवर्षे सुकवले त्यावर पाणी फिरवायचे म्हणजे केलेली मेहनत धुऊन टाकायची. तरुण म्हणतात, परदेशात गिटार बनवणारे छोटे कारखानदार पाण्यातल्या पॉलिशकडे वळले, आपणच स्पिरिटच्या वासात का बसायचे? आमच्या मते दोघांच्याही बोलण्यात निम्मे खरे आहे. सतारीच्या कुठल्या भागाला काय चालते, हा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

आधी जुन्या पॉलिशची गोष्ट घेऊ. चपडा म्हणजे लाखेच्या किड्याने झाडाच्या फांदीवर सोडलेली राळ. झारखंडकडे ती जास्त होते. गाळून, पातळ पत्रे करून ती बाजारात येते. कारागीर ती स्पिरिटमध्ये विरघळवतो आणि बोळ्याने हात फिरवत फिरवत थरावर थर चढवतो. स्पिरिट उडून जाते आणि लाख मागे राहते. या पॉलिशचा मोठा गुण असा की नवा थर जुन्या थराला थोडे विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. म्हणून वीस वर्षांनी ओरखडा पडला तरी उस्ताद बोळा फिरवून तो असा बुजवतो की पत्ता लागत नाही. रंगही उबदार येतो, किंचित मधासारखा. तुनाच्या तांबूस लाकडावर तो शोभतो.

दोषही आहेत. घामाने ते मऊ पडते, पाण्याचा थेंब राहिला तर पांढरा डाग उमटतो, उष्णतेने चिकट होते. स्पिरिट लागले की उतरतेच. २०२० मध्ये लोकांच्या हाताला सॅनिटायझरची सवय लागली. सॅनिटायझर म्हणजे बहुतांशी अल्कोहोल. हात ओले असतानाच सतार घेतली की दांडीवर बोटांचे ठसे कायमचे बसतात. अंगावर फवारायच्या सेंटचेही तेच. शिवाय एकदा विरघळवलेला चपडा वर्षभर ठेवला तर तो नीट सुकण्याची ताकद हरवतो. बाटलीत दिसायला ठीक असतो, लाकडावर मात्र दिवसेंदिवस चिकट राहतो. कारागीर हवेला दोष देतो, दोष बाटलीच्या वयाचा असतो.

आता पाण्यातले पॉलिश. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. साखर पाण्यात विरघळते तसे हे विरघळलेले नसते. अॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन राळेचे अतिबारीक कण पाण्यात तरंगत असतात, दुधात साय तरंगावी तसे. म्हणून डब्यातले पॉलिश दुधाळ दिसते. पाणी उडाले की कण एकमेकांना चिकटतात, आणि सोबत घातलेले थोडे सावकाश उडणारे द्रव्य त्यांना मऊ करून त्यांचा सलग पापुद्रा बनवते. मग तेही उडते. या व्यवस्थेत थंडी आणि दमट हवा दोन्ही अडथळा आणतात. गारठ्यात कण जुळत नाहीत आणि पापुद्रा भुकटीसारखा राहतो. जुलै-ऑगस्टच्या पावसात पाणीच उडत नाही, थर वरून सुकल्यासारखा वाटतो आणि आतून ओला राहतो. उलट एप्रिलच्या दुपारी तो इतका लवकर ओढतो की कपडा परत फिरवला तर रेघा उमटतात. आमच्या भागात या कामाला हिवाळ्यातली उन्हे वर आल्यानंतरची वेळ आणि उन्हाळ्यातली सकाळ बरी. पावसाळ्यात करायचे असेल तर बंद खोलीत दिवा आणि पंखा लावून हवा कोरडी ठेवावी लागेल, आणि त्या विजेचा खर्च वाद्याच्या किमतीत धरावा लागेल.

पाण्यातल्या पॉलिशचा पक्का झालेला थर घामाला, पाण्याला आणि सॅनिटायझरला चपड्यापेक्षा चांगला टिकतो. वास कमी असतो. डबा पेट घेत नाही. मात्र नवा थर जुन्याला चपड्यासारखा विरघळवत नाही, वर बसतो फक्त. म्हणून दोन थरांमध्ये बारीक पेपर मारून खरखरीत करावे लागते, आणि पुढे ओरखडा पडला तर दुरुस्ती कठीण असते. रंग काचेसारखा पांढरा राहतो, गडद लाकडावर थोडी निळसर झाक येते. जुन्या सतारीच्या शेजारी ठेवली तर नवी फिकट आणि प्लॅस्टिकसारखी वाटते, ही बुजुर्गांची तक्रार खोटी नाही.

असे असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर पॉलिशच्या खोलीत मिळते. बरीच पॉलिशची कामे घराच्याच एका खोलीत चालतात. खिडकी बंद, कारण धूळ बसू नये. स्पिरिटची बाटली उघडी, पलीकडे चूल किंवा गॅस. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये कोणी पिऊ नये म्हणून विषारी द्रव्ये मुद्दाम घातलेली असतात, आणि दिवसभर बसणारा माणूस त्याची वाफ ओढत असतो. त्यात अलीकडे लवकर चमक हवी म्हणून कित्येकांनी चपडा सोडून एन.सी. लॅकर आणि थिनर फवारायला सुरुवात केली. थिनर स्पिरिटहून वाईट. डोके जड होते, मळमळते, आणि ठिणगी पडली तर खोलीच पेटते. शिवाय सतारीवर नक्षीसाठी जे सेल्युलॉइड बसवतात, ते थिनरने विरघळते. म्हणजे माणसालाही अपाय आणि मालालाही. आमचे स्पष्ट मत आहे की पाण्यातल्या पॉलिशची खरी लढत चपड्याशी नाहीच, या थिनरशी आहे. जिथे आज लॅकर फवारले जाते तिथे पाण्यातले पुसायचे पॉलिश आले तर कोणाचीही कला बुडत नाही आणि घरातली पोरे मोकळ्या हवेत झोपतात.

ज्याला वाटत असेल की पाण्यातले म्हणजे निर्धोक, त्यानेही सावध राहावे. त्यातही थोडी द्रव्ये उडतात, खिडकी उघडी हवी, हातमोजे हवेत. आणि बाजारात पाण्यातले दोन डब्यांचे पॉलिशही मिळते, ज्यात दुसऱ्या डब्यातला हार्डनर मिसळायचा असतो. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ते दम्याला आमंत्रण आहे. घरातल्या खोलीत ते आणूच नये. एकाच डब्याचे, पुसून लावता येईल असे पातळ पॉलिश पाहून घ्यावे. दुकानदाराला सांगता येत नसेल तर डबा उघडण्याआधी कोणा शिकलेल्या पोराकडून लेबल पूर्ण वाचून घ्यावे, फक्त नाव आणि भाव वाचून थांबू नये.

आता कुठल्या भागाला काय. भोपळ्याला पाण्यातले पॉलिश थेट लावू नये, हे आम्ही ठामपणे सांगतो. भोपळा भिजला की मऊ पडतो, हे सतार करणाऱ्याला सांगायला नको, कारण त्याचे तोंड रुंद करताना तो स्वतःच भोपळा भिजवतो आणि आतून काठ्यांचा आधार देतो. तोच भोपळा जोडल्यानंतर पुन्हा ओला करण्यात काय शहाणपण? तिथे चपडाच बरा. सरसाने जोडलेल्या सांध्यांचेही असेच. सरस पाण्याने सुटतो. पुसून लावलेला पातळ थर सांध्यापर्यंत पोचत नाही हे खरे, पण नवशिका हात कपडा निथळता भिजवतो आणि पॉलिश गळ्याच्या सांध्यात साचते. तबलीवर कमीत कमी थर हवा, मग तो कशाचाही असो. जाड पापुद्र्याने आवाज दबतो, हे कारागिराचा कान आमच्यापेक्षा जास्त जाणतो. तबलीलाही आम्ही चपडाच सुचवू. खुंट्यांचा जो भाग भोकात बसतो त्याला आणि भोकाला काहीच लावू नये. पाण्यातल्या पॉलिशचा पापुद्रा दाबाखाली चिकटतो, खुंटी फिरेनाशी होते.

राहिली दांडी. तिथे हात चालतो, घाम लागतो, पडद्यांचे धागे घासतात. दांडीची पाठ ही पाण्यातल्या पॉलिशची योग्य जागा आहे. विद्यार्थ्यांसाठी जी साधी वाद्ये जातात, शाळांना जाणारे तानपुरे, दहा हातांतून फिरणाऱ्या सतारी, त्यांच्या सबंध दांडीला ते लावायला हरकत नाही. उस्ताद मंडळींच्या मागणीच्या सतारीला मात्र गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय हात लावू नये. त्यांना जुने पॉलिश हवे असते आणि त्याचे ते पैसे देतात.

लावण्याची रीत सांगतो. हे आमचे शोध नव्हेत, जे हे काम करतात त्यांच्याकडून जमवलेले आहे. लाकूड १८० आणि मग २२० च्या पेपरने घासून झाले की ओलसर कपडा एकदा फिरवायचा आणि लाकूड रातभर सुकू द्यायचे. पाण्याने लाकडाचे रोम उभे राहतात, कोऱ्या कापडाला पहिल्या धुण्यानंतर लव यावी तसे. ते रोम ३२० च्या पेपरने हलकेच कापून घ्यायचे. हे आधी केले नाही तर पहिल्या थरालाच दांडी खरखरीत होईल आणि कारागीर पॉलिशला शिव्या देईल. त्यानंतर रंग द्यायचा असेल तो द्यावा. आणि रंगावर मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात. हा एक हात फार कामाचा आहे. पाण्यात विरघळणारा रंग वरच्या पाण्यातल्या पॉलिशने सुटून पसरतो, कच्च्या रंगाचे कापड धुतल्यावर होते तसे. मध्ये चपडा आला की रंग जागेवर राहतो, रोम पुन्हा उठत नाहीत, आणि मधाची जी झाक नव्या पॉलिशला येत नाही तीही खालून मिळते. म्हणजे जुने आणि नवे इथे एकमेकांच्या मदतीला येतात. मात्र चपडा मेण काढलेलाच पाहिजे. साध्या चपड्यात नैसर्गिक मेण असते, त्यावर पाण्यातले पॉलिश धरत नाही, काही महिन्यांत सोलून निघते. दुकानात मागताना मेणाचा की बिनमेणाचा हे स्पष्ट विचारावे. घरी ओळखायचे तर विरघळवलेला चपडा काही दिवस स्थिर ठेवावा, मेणाचा असेल तर तळाशी गढूळ साका बसतो.

चपडा दिवसभर सुकल्यावर ४०० च्या पेपरने चमक मारायची आणि धूळ पुसायची. इथे लोखंडी लोकर वापरू नये. चपड्याला ती चालत होती, पण तिचे तुटलेले तंतू पाण्यातल्या पॉलिशमध्ये गंजतात आणि दांडीवर तपकिरी ठिपके उमटतात. नायलॉनची घासणी घ्यावी. डबा हलवू नये, काडीने सावकाश ढवळावा, नाहीतर बुडबुडे येतात. गाळायला स्क्रीन प्रिंटिंगची बारीक जाळी चांगली. पातळ करायचे असेल तर बोअरचे पाणी अजिबात घालू नये. आमच्या भागातले बोअरचे पाणी जड, त्यातल्या क्षाराने कण एकत्र येऊन दही झाल्यासारखे होऊ शकते. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायचे पाणी मिळते, ते थोडेसे घालावे. मग घडी केलेला कपडा किंचित भिजवून लाकडाच्या रेषेच्या दिशेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच हात. पुढचा हात शेजारी. मागे वळून चूक दुरुस्त करायला जाऊ नये. चपड्याचा हात सतत फिरता असतो, गोल आणि आठाच्या आकड्यासारखा, आणि ज्याचा हात तीस वर्षे तसा फिरला त्याला हा संयम सर्वांत जड जातो. एका उस्तादांनी आम्हाला हसत सांगितले की हे पॉलिश शागीर्दाला लवकर जमते आणि उस्तादाला उशिरा.

दोन-तीन तासांनी दुसरा हात, दोन-तीन हातांनंतर बारीक पेपर, असे सहा-सात थर झाले की पुरे. हाताला सुकले तरी ते आतून पक्के व्हायला साधारण तीन आठवडे घेते. इथे आपल्या धंद्याची खरी परीक्षा आहे. व्यापारी निरोप पाठवतो, गाडी उद्या निघते, माल आजच द्या. कारागीर वाद्य गवसणीत घालतो आणि मुंबईला किंवा परदेशी पोचेपर्यंत गवसणीच्या अस्तराची वीण पॉलिशवर छापली जाते. मग माल परत, आणि दोष कारागिराचा. आम्ही व्यापारी आहोत, व्यापाऱ्यांची घाई आम्हाला ठाऊक आहे. पण जो व्यापारी नवे पॉलिश मागतो त्याने तीन आठवडे द्यावेत आणि त्या तीन आठवड्यांसाठी आगाऊ रक्कमही द्यावी, कारण कारागिराचे पैसे तेवढे दिवस अडकतात. ज्याला हे जमत नाही त्याने नवे पॉलिश मागू नये.

अस्तराचा विषय निघालाच आहे तर सांगतो, वाद्याच्या अंगाला रेक्झिन लागू देऊ नये. रेक्झिन मऊ राहावे म्हणून त्यात घातलेले तेलकट द्रव्य हळूहळू पॉलिशमध्ये उतरते आणि ते चिकट करते. एन.सी. लॅकरवर हा परिणाम फार लवकर दिसतो. बाहेरून रेक्झिन चालेल, आतून सुती फलालीन असावी, धुतलेली.

आता चिंधी. हा आमचा विषय, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. त्या तरुणाच्या पॉलिशला जे डोळे पडत होते, म्हणजे थर मध्येच फाटून गोल खड्डे दिसत होते, त्याचे कारण आम्ही तो कपडा हातात घेतल्यावर लक्षात आले. होजिअरीचा कटपीस, लोण्यासारखा मऊ. हा मऊपणा कापसाचा नसतो. बनियन आणि टी-शर्टच्या कापडाला शेवटी सिलिकॉनचा हात देतात, म्हणजे गिऱ्हाइकाच्या गालाला मऊ लागावे. सिलिकॉनचा लेशही लाकडावर उतरला की त्यावर पाण्यातले पॉलिश बसत नाही, कमळाच्या पानावरचे पाणी सरकते तसे बाजूला सरकते. एक-दोनदा धुऊन ते जात नाही. म्हणून जितकी चिंधी मऊ तितकी ती या कामाला संशयास्पद, हे ध्यानात ठेवावे.

मागावरून उतरलेले कोरे कापड घ्यावे तर त्यात खळ असते. ताण्याला सायझिंग केल्याशिवाय माग चालत नाही. ही खळ स्पिरिटमध्ये विरघळत नाही, म्हणून चपड्याच्या बोळ्याला तिचा फारसा त्रास होत नव्हता. पाण्यात मात्र ती सुटते आणि पॉलिशमध्ये पांढुरकी रेघ सोडते. जुन्या चिंध्या नव्या पॉलिशला का चालत नाहीत याचे दुसरे कारण हे. रंगीत कापड तर मुळीच नको. पाण्यातले पॉलिश थोडे क्षारयुक्त असते, आणि साबणाच्या पाण्यात कच्चा रंग सुटतो तसा यातही सुटतो. साडीच्या काठाचा लाल रंग दांडीवर उतरलेला आम्ही पाहिला आहे.

मग काय घ्यावे? साधे, बारीक सुताचे, पांढरे सुती कापड, ज्याला मिलचे शेवटचे फिनिशिंग झालेले नाही. ते घरी मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून अर्धा तास उकळावे, दोनदा साध्या पाण्याने खळबळावे, उन्हात वाळवावे. सॉफ्टनर किंवा नीळ घालू नये. खळ पूर्ण गेली का हे पाहायचे तर आयोडीनचा एक थेंब टाकावा, निळे-काळे झाले तर पिठाची खळ अजून आहे. (औषधाच्या दुकानात मिळणारे टिंक्चर चालते.) वाळल्यावर कडेचे सुटे धागे काढून टाकावेत, हातभर तुकडे करावेत आणि झाकणाच्या डब्यात ठेवावेत. घरातले जुने धोतर किंवा वारंवार धुतलेली सुती चादर असेल तर त्याहून उत्तम, फक्त त्याला कधी सॉफ्टनर लागलेले नसावे. प्रत्येक थराला नवा तुकडा घ्यावा. अर्धवट सुकलेल्या तुकड्यातले कण पुढच्या थरात वाळूसारखे दिसतात. वापरलेले तुकडे पसरून वाळवून टाकावेत. ज्यांच्याकडे अळशीच्या तेलाचे काम चालते त्यांनी मात्र तेलाच्या चिंध्या कधीही गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप तापून पेटतात. त्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

आमच्या पेशातल्या व्यापारी बंधूंनाही एक विनंती आहे. पॉलिशवाला चिंधी मागायला आला की आपण गोदामाच्या कोपऱ्यातला मिश्र ढीग दाखवतो आणि किलोचा भाव सांगतो. त्याऐवजी बिनफिनिशिंगचे पांढरे कटपीस वेगळे काढून ठेवले तर किलोमागे थोडा जास्त भाव मिळेल, आणि कारागीर तो खुशीने देईल, कारण त्याच्या एका सतारीला महिना-महिना लागतो आणि एका खराब चिंधीने ती पुन्हा खरवडावी लागते. उकळून, तुकडे करून, पाकिटात भरून दिले तर तो एक स्वतंत्र माल होईल. फर्निचर पॉलिशवालेही तो घेतील. मिरज-इचलकरंजीतले अंतर एवढे कमी असताना हे आजवर कोणी नीट केलेले आम्हाला दिसले नाही.

भावाबद्दल बोलायचे तर पाण्यातले पॉलिश लिटरला महाग पडते. पण एका सतारीच्या दांडीला लागते किती? आमच्या हिशेबाने पाव लिटरही संपत नाही. खर्च पातळ द्रवाचा नाही, दिवसांचा आहे. आज वाद्याचा भाव ठरवताना लाकूड, भोपळा, नक्षी, तारा असे सर्व मोजले जाते आणि पॉलिश त्यातच धरले जाते. यात पॉलिश करणाऱ्याचे, जो अनेकदा घरातलाच धाकटा भाऊ किंवा पुतण्या असतो, दिवस कोणी मोजत नाही. मग तो पोरगा फर्निचरच्या दुकानात जातो, कारण तिथे रोज मिळतो. पॉलिशचे दिवस बिलात वेगळ्या ओळीत लिहावेत, असे आम्हाला वाटते. गिऱ्हाईक घासाघीस करील, पण त्याला कळेल तरी की तो कशाचे पैसे देतो.

ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांनी पहिल्याच दिवशी तयार सतारीला हात लावू नये. दांडीच्याच लाकडाचा उरलेला तुकडा घ्यावा, अर्ध्यावर चपडा, अर्ध्यावर चपड्यावर पाण्यातले, असे दोन भाग करावेत. तीन आठवड्यांनी दोन्हीवर ओला पेला रातभर ठेवावा, सॅनिटायझरचा थेंब टाकावा, घामेजल्या हाताने रोज चोळावे. तो तुकडा एक पावसाळा कामाच्या खोलीत टांगून ठेवावा. त्यानंतर जे दिसेल त्यावर आपापला निर्णय घ्यावा.

आणि ज्या वाद्याला नवे पॉलिश लागले त्याच्या गवसणीच्या कप्प्यात एक चिठ्ठी ठेवावी. खाली बिनमेणाचा चपडा, दांडीवर पाण्यातले पॉलिश, अमुक महिना, अमुक साल, एवढेच मराठीत आणि इंग्रजीत लिहावे. दहा वर्षांनी ती सतार दुरुस्तीला दुसऱ्याच गावच्या कारागिराच्या हाती पडली तर तो सवयीने स्पिरिटचा बोळा फिरवील, काही विरघळणार नाही, आणि तो खरवडायला घेईल. चिठ्ठी असली तर खरवडण्याआधी तो निदान फोन तरी करील.